अंधारी लेन्स आणि संधिप्रकाशातलं तरस: आठ महिन्यांनंतर

१५०-६०० मिमीची झूम लेन्स घेऊन आठ महिने झाले. घेताना ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं होतं: ६०० ला एफ ६.३ (एफचा आकडा मोठा तितका आत येणारा प्रकाश कमी) म्हणजे अंधारी लेन्स, दिवसा पक्ष्यांना ठीक, ऊन उतरलं की बॅगेत टाकायची. मी ती बहुतेक ऊन उतरल्यावरच वापरली, कारण मला तरस हवं होतं आणि ते बिळातून निघतं तेच दिवेलागणीला. पहिले दोन महिने वाटत होतं, लोक बरोबर सांगत होते.

आधी थोडं प्राण्याबद्दल. हे पट्टेरी तरस. हसल्यासारखं ओरडतं ते आफ्रिकेतलं ठिपक्यांचं. पट्टेरी त्यामानाने गप्प, आणि अन्नाच्या शोधात बहुधा एकटंच फिरणारं. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे सपाटीवर चालतानाही चढ चढत असल्यासारखं दिसतं. करड्या अंगावर काळे पट्टे, गळ्याखाली काळा डाग, तोंड काळपट. हा रंग संध्याकाळच्या मातीत असा मुरतो की दुर्बिणीतून डोळा काढला की परत सापडत नाही. कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा ऑटोफोकस इथे सरळ हात टेकतो. काळ्या तोंडात काळा डोळा, तो तरी काय करणार! पुढचं गवत पकडून हिरवा चौकोन दाखवतो आणि आपण खूश. आता मी एकच फोकस पॉइंट ठेवतो आणि तो खांद्यावरच्या पट्ट्याच्या कडेवर धरतो. करडं-काळं जिथे भिडतं तिथे फोकस लागतो, नुसत्या करड्यावर लेन्स पुढेमागे घरघरत बसते.

प्रकाश किती भराभर उतरतो ते माझ्याच फाइलींवरून सांगतो. निरभ्र आकाश, सूर्य टेकताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ला १/५०० सेकंदाचा शटर वेग मिळतो. दहा मिनिटांनी ६४०० ला १/२५०. आणखी दहा मिनिटांनी १२८०० ला जेमतेम १/६०, आणि तरस येतं ते नेमकं तेव्हा. चालत्या तरसाला माझ्या मते १/५०० तरी हवं. स्टॅबिलायझेशन या लेन्सचं खरोखर चांगलं आहे, पण ते माझा हात सावरतं, तरसाचे पाय नाही. दोन महिने माझ्याकडे धारदार खडक आणि चार पुसट पाय एवढंच जमत होतं.

तिसऱ्या महिन्यातली एक संध्याकाळ अजून सलते. तरस ओढ्यातून वर आलं, खडकापाशी थांबलं आणि मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. मानेवरची आयाळ अर्धवट उभी. सात फ्रेम मिळाल्या, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसत होत्या. घरी कॉम्प्युटरवर उघडल्या तर जवळजवळ काळ्या. झालं असं, की प्रकाश मोजणारा मीटर संध्याकाळची दुपार करून टाकतो म्हणून मी कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मापापेक्षा फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सेटिंग) स्क्रीनकडे बघत उणे दोनपर्यंत नेलं होतं. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन नेहमीच उजळ भासते. रॉ, म्हणजे कच्ची, फाइल दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उजळवली तर सावलीत जांभळे चट्टे आणि पट्ट्यांचा चिखल. तेव्हापासून स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी, कॉम्पेन्सेशन फार तर उणे ०.७, आणि विश्वास फक्त हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर. अंधार नंतर घालता येतो. नॉइजचं, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचं, म्हणाल, तर नीट एक्स्पोज झालेली १२८०० ची फाइल आताची सॉफ्टवेअर बऱ्यापैकी निस्तरतात. प्रकाशाला उपाशी ठेवलेली ६४०० ची नाही.

लेन्सबद्दलचं मत बदललं ते गवतामुळे. तरसं हद्दीच्या खुणेसाठी गवताच्या काडीवर शेपटीखालच्या ग्रंथीतला चिकट स्राव फासतात. म्हणजे चालता चालता ती थांबतात, हुंगतात, पुन्हा थांबतात. हे लक्षात आल्यावर मी मागे मागे फिरणं सोडलं. वाटेवरचा असा एक गवताचा झुबका हेरला, वारा माझ्याकडे येईल अशा बाजूला बऱ्याच अंतरावर बसलो, बीन बॅगवर लेन्स टेकवली, फोकस लिमिटर (फोकसची धाव ठरावीक अंतरापुरती ठेवणारं बटण) लावून झुबक्यावर आधीच फोकस करून ठेवला. तरस हुंगायला थांबलं की एक-दोन क्षण अंग स्थिर असतं. तेवढ्यात १/६० ला सलग बारा फ्रेमचा बर्स्ट, त्यातल्या दोन-तीन धारदार. कधी कान हललेला असतो, तो मी आता चालवून घेतो. आवाज करून त्याला थांबवायचा मोह होतो, पण तसा फोटो ओळखू येतो: कान ताठ, आयाळ फुललेली, पुढच्या क्षणी पळणार असलेला प्राणी. फ्लॅश तर नाहीच. बिळाची जागाही कुणाला सांगत नाही, विचारू नका.

एक गोष्ट लेन्सच्या माथी उगाच मारली जाते, मीही मारली. ६०० ला दूरचं सगळं मऊ येतं ही ओरड. तापलेली जमीन सूर्यास्तापर्यंत वाफाळत असते आणि त्या थरथरत्या हवेतून कुठलीही लेन्स मऊच दिसते. तोच झुबका जमीन निवल्यावर टिपून बघा. तरीही ५०० च्या आसपास ती जास्त धारदार आहे हे खरं, आणि मी बहुतेक तिथेच थांबतो.

खऱ्या तक्रारी वेगळ्या. खांद्याला लटकवली की नळी आपोआप बाहेर सरकते. लॉक फक्त १५० ला लागतो, म्हणजे चालताना त्याचा उपयोग, बसल्यावर नाही. ट्रायपॉड कॉलरचा स्क्रू दर महिन्याला ढिला होतो. वजन दोन किलो, मनगट आठवण करून देतं.

गेल्या महिन्यात मित्राची एफ ४ ची ६०० प्राइम (झूम नसलेली लेन्स) एका संध्याकाळपुरती मागून आणली. एफ ६.३ पेक्षा सव्वा स्टॉपहून थोडा जास्त प्रकाश, म्हणजे घड्याळात मोजून पाच मिनिटं जास्त. ती पाच मिनिटं मी झुबक्याकडे बघत बसलो. तरस त्या दिवशी आलंच नाही.