स्मार्ट टीव्ही रिव्ह्यू: पिक्चर मस्त, रिमोट बेकार, आणि मालिकांमधल्या बायका

आईसाठी ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला त्याला वर्ष होत आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीतले बरेचसे सेट सारखेच असतात, पण घरातल्या मोठ्या माणसांसाठी घ्यायचा असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पिक्चर झकास. आवाज मात्र पातळ, मालिकेत म्युझिक वाढलं की डायलॉग बुडतात, साउंड सेटिंगमध्ये जाऊन बोलणं स्पष्ट ऐकू येणारा मोड लावा, बराच फरक पडतो. रिमोटवर आकड्यांची बटणंच नाहीत! आईला सगळ्या चॅनेलचे नंबर पाठ, त्यामुळे सेट टॉप बॉक्सचा रिमोट सोबत ठेवावाच लागतो. माइकचं बटण दाबून मराठीत बोललं की मालिका शोधून देतो, हे तिला सगळ्यात आवडलं.

पण खरा फरक पडलाय तो तिच्या वेळेत. आधी एकच टीव्ही, हॉलमध्ये, बाबा बातम्या नाहीतर मॅच लावणार आणि आई कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल तेवढं बघणार, भाग चुकला तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना विचारणार. आता तिच्या खोलीत तिचा टीव्ही आहे, दुपारी ओटा आवरला की ॲपवर राहिलेला भाग लावते, कोणी हाक मारली तर "थांब, एवढं बघून येते" म्हणते. हे तिच्या तोंडून मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. एवढ्यासाठीच पैसे वसूल. सगळ्यांनी मिळून बघणं कमी झालं हे खरंय, पण तेव्हा मिळून बघायचो म्हणजे बाबांच्या आवडीचंच बघायचो ना.

आता त्यात दाखवतात काय, त्यावर बोलायलाच हवं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका मसाल्यांचा एवढा मोठा बिझनेस उभा करते, 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती पुन्हा गाण्याकडे वळते, दोघी मला आवडल्या, आईला तर फारच. पण दोघींच्या नवऱ्यांनी आधी बाहेर लफडं केलं, मग यांचं आयुष्य सुरू झालं. घरात सगळं नीट चाललेलं असताना एखादीला वाटलं म्हणून तिने धंदा काढला, असं का नाही दाखवत? आणि दुसऱ्या बाजूला याच मालिकांमधल्या त्या नवऱ्यांच्या प्रेयसी, शनाया नाहीतर संजना, मॉडर्न कपडे आणि ऑफिस दिसलं की समजायचं ही संसार मोडणार. मला हे फार खटकतं, कारण ऑफिसला जाणाऱ्या पोरी हेच बघत मोठ्या झाल्यात. याआधी असं नव्हतं हो! १९८९ ला दूरदर्शनवर 'उडान' आली, त्यातली कल्याणी पोलीस अधिकारी होते, मग सह्याद्रीवरची 'दामिनी' पत्रकार होती. त्यांना काम करायला नवऱ्याचा धोका लागला नाही, काम करायचं होतं म्हणून केलं.

आणि चांगलं दाखवलं तर लोक बघतात. २०१९ ला 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली, त्यात सून आपल्या विधवा सासूच्या दुसऱ्या लग्नासाठी उभी राहते, तो होणारा नवरा शेफ आहे, प्रेमाने स्वयंपाक करतो, आणि आयतं खाणारा लाडावलेला मुलगा कसा वागतो तेही स्पष्ट दाखवलं. आमच्याकडे बाबासुद्धा मॅच सोडून बघायला बसायचे. मग चॅनेलवाले पुन्हा पुन्हा विषप्रयोग, कटकारस्थान, मंगळसूत्र हरवलं याच्याकडेच का जातात? आई हल्ली असले भाग सरळ पुढे पळवते.

घेणार असाल तर दोन गोष्टी करा. जुनी ब्लूटूथ साउंडबार असेल तर जोडून टाका, आणि ॲपवर आईचं प्रोफाइल वेगळं बनवा, नाहीतर घरातल्या बाकीच्यांनी बघितलेल्या क्रिकेट आणि मारामारीच्याच शिफारशी तिच्या स्क्रीनवर येत राहतात. सेटला ४ स्टार, हल्लीच्या बहुतेक मालिकांना २.