सायकल अपघाताचं कोडिंग: आयसीडी-१० की आयसीडी-१०-सीएम?
कोडिंग म्हणजे आजार, जखम आणि तिचं कारण यांना ठरलेले कोड देणं. आयसीडी-१० ही डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) कोडयादी, आणि आयसीडी-१०-सीएम ही तिचीच अमेरिकेतली जास्त सविस्तर आवृत्ती. पाया एकच आहे, सायकलस्वाराच्या अपघातासाठी व्ही१० ते व्ही१९ दोन्हीकडे तेच, व्ही१३ म्हणजे कार-व्हॅनशी टक्कर, व्ही१८ म्हणजे कशाला न धडकता पडला. फरक खोलात गेल्यावर कळतो. समजा रस्त्यावर कारने उडवलं आणि उजव्या मनगटाजवळ रेडियस (कोपर ते मनगटातलं अंगठ्याकडचं हाड) मोडलं, तर डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० मध्ये एस५२.५ (जखम) आणि व्ही१३.४ (अपघात कसा झाला) टाकलं की झालं, पण हात उजवा की डावा ते त्यातून कळतच नाही. अमेरिकेच्या सीएममध्ये तेच एस५२.५०१ए आणि व्ही१३.४एक्सएक्सए होतं, म्हणजे बाजू, फ्रॅक्चर बंद की उघडं (त्वचा फाटलेलं), उपचाराचा टप्पा, सगळं आलं.

त्या शेवटच्या अक्षरावरच लोक अडकतात. ए म्हणजे पहिली व्हिजिट असं धरून चालतात पण तसं नाहीये, ॲक्टिव्ह ट्रीटमेंट चालू आहे तोवर 'ए' हेच अक्षर, मग डॉक्टर बदलले तरी, आणि नंतर प्लास्टर काढणं, फॉलोअप एक्सरे वगैरेला डी, पण हाड उशिरा जुळत असेल तर जी.

नुसती आकडेवारी हवी असेल तर आयसीडी-१० पुरतं, पण पेशंटचा पुढचा प्रवास समजायला सीएमच बरं असं माझं स्पष्ट मत. फक्त डॉक्टरांची नोट तेवढी भरलेली पाहिजे! "सायकलवरून पडला, हात दुखतो" एवढ्यावर कोडर काय करणार? चालवत होता की मागे बसलेला, रस्त्यावर की आवारात, कशाला धडकला, हे तिथेच विचारून लिहा, कारण अंदाजाने कोड टाकता येत नाही.