घियाचं मागचं झाकण आता मी एकटीने काढते (वागळे इस्टेटमधल्या कामाचा अनुभव)

आमच्या जुन्या कारमन घिया गाडीच्या इंजिनच्या झाकणाची बिजागरी एका गाळ्यातून बदलून घेतली, त्यावर खूप दिवस लिहायचं होतं पण म्हटलं एक पावसाळा जाऊ दे, मग लिहू, कारण बिजागरीच्या कामाची खरी परीक्षा ठाण्याच्या पावसात होते. आता पावसाळा गेला, झाकण त्या काळात अकरा वेळा काढून लावलं, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आमच्याकडे 1968 ची कारमन घिया आहे. फोक्सवॅगनची. रस्त्यात लोक पोर्शे आहे का विचारतात, पण खाली सगळी बीटलच आहे, 1493 सीसीचं एअरकूल्ड इंजिन, चार सिलिंडर, मागे. वरचा आकार इटलीतल्या घिया कंपनीचा आणि बॉडी बांधली जर्मनीत ओस्नाब्रुकला कारमनच्या कारखान्यात, म्हणून नाव तसं. 1955 ला आली, 1974 ला बंद झाली. बाबांनी ही गाडी मी शाळेत असताना घेतली आणि तेव्हापासून ती घरातलीच झालीय. इंजिन मागे असल्यामुळे मागे जे उघडतं त्याला सगळे डिकी म्हणतात, मेकॅनिकसुद्धा, पण खरी डिकी पुढे आहे आणि मागचं ते इंजिनचं झाकण. पुढे मी झाकणच म्हणते.

तर हे झाकण काढणं म्हणजे दोन माणसांचं काम. बिजागरीला दोन्हीकडे एम एटचे बोल्ट, 13 चा पाना, एकाने झाकण धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने आत डोकं घालून बोल्ट सोडायचे, शेवटचा बोल्ट निघतो त्या क्षणी सगळा भार धरणाऱ्याच्या हातावर येतो आणि जरा तोल गेला की झाकणाचा कोपरा मागच्या काचेखालच्या पत्र्यावर घासलाच समजा. इतकी वर्षं बाबा धरायचे, मी सोडायचे. दोन वर्षांपूर्वी बाबांचा खांदा धरला, हात खांद्याच्या वर जात नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर वेळी वॉचमनकाकांना बोलावणं मला बरं वाटत नाही.

पण त्याहून मोठा त्रास लावताना होतो. ज्यांनी घिया जवळून बघितली नसेल त्यांना सांगते, या गाडीचे पुढचे-मागचे पत्रे बीटलसारखे बोल्टने लावलेले नाहीत, तुकडे तुकडे वेल्ड करून सांधे हाताने भरून घासलेले आहेत, त्यामुळे झाकण आणि बॉडीमधली फट प्रत्येक गाडीत थोडी वेगळी. आमच्या गाडीत डावीकडे 4 एमएम आणि उजवीकडे साडेचार, आणि ती तशीच छान दिसते. बोल्टची भोकं लांबट असतात म्हणजे झाकण इकडे तिकडे सरकवता येतं, आणि त्याचाच अर्थ असा की एकदा बोल्ट ढिले केले की सेटिंग गेलं. मागे एका गॅरेजने (नवी मुंबईतलं, नाव नाही घेत) इंजिन उतरवायला झाकण काढलं आणि परत लावताना ओढूनताणून बसवलं, उजव्या कोपऱ्यात पत्र्याला पत्रा लागून नखाएवढा रंग उडाला. वर ते म्हणाले जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालतं. मला नाही चालत.

आता कुणी विचारेल झाकण काढायचंच कशाला. पॉइंट, प्लग, कार्बोरेटरचं सेटिंग, यासाठी काही गरज नाही, उघडून होतं. पण जनरेटर काढायचा असेल, पंख्याचं हाउसिंग वर उचलायचं असेल, किंवा इंजिन उतरवायचं असेल तर झाकण बाजूला असलं की जीव मोकळा होतो. आणि पट्टा. या इंजिनात कूलिंगचा पंखा जनरेटरच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे पट्टा तुटला की चार्जिंग पण गेलं आणि थंड हवा पण गेली, लाल दिवा लागला की गाडी तिथेच थांबवायची. पट्ट्याचा ताण पुलीच्या दोन अर्ध्यांमधल्या वॉशर कमी-जास्त करून सेट करायचा असतो, बोटाने दाबून साधारण 15 एमएम दबला पाहिजे, आणि हे काम मान वाकडी करून अर्ध्या उजेडात करण्यापेक्षा झाकण काढून केलं तर नीट होतं. निदान माझ्याकडून तरी तसंच नीट होतं.

वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर 22 च्या बाजूला आतल्या गल्लीत एक लहान गाळा आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. त्यांचं मुख्य काम फार्मा मशीनचे सुटे भाग करायचं, गाड्यांचं काम ते करत नाहीत. गाळा चालवणाऱ्या मास्टरांनी नाव आणि नंबर टाकू नको म्हणून स्पष्ट सांगितलंय, माणसं दोनच आहेत, गर्दी झेपणार नाही, म्हणून टाकत नाहीये. ज्याला खरंच गरज आहे त्याने मला विचारा, त्यांना विचारून मग सांगेन.

मी आधी दोन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हीकडे एकच उत्तर, बिजागरी कापून टाकू, ताई, नवीन बसवू. मास्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "ओरिजिनल ठेवायचंय ना?" तिथेच मी ठरवलं की काम इथेच द्यायचं. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते, आम्हाला पुढेमागे ते करायचंय, त्यामुळे मूळ गाडीवर एकही नवीन भोक नको ही माझी अट होती. बाबांनी कधीतरी भंगारात निघालेल्या एका घियाच्या बिजागऱ्यांची जोडी घेऊन ठेवली होती, ती उपयोगाला आली. जे काही केलंय ते त्या जोडीवर. गाडीच्या मूळ बिजागऱ्या ग्रीस लावून, कागदात गुंडाळून, डब्यात.

काम असं केलं. बोल्टना हातच लावायचा नाही, झाकण सुटणार ते बिजागरीच्या खिळीतून, म्हणजे जिच्याभोवती बिजागरी फिरते तिथून. जुनी रिवेट मारलेली खिळी ड्रिल करून काढली, भोक थोडं मोठं करून त्यात गनमेटलचा बुश (आतली छोटी नळी) दाबून बसवला, रीमर मारला (म्हणजे भोक अगदी मापात घासून घेतलं) आणि त्यात 8 एमएमची बॉल लॉक पिन, म्हणजे डोक्यावरचं बटण दाबलं की टोकाच्या दोन गोळ्या आत जातात आणि पिन बाहेर येते, बटण सोडलं की गोळ्या बाहेर आणि पिन लॉक. पिन बसते तेव्हा टक असा आवाज येतो, तो आला नाही तर बसलेली नाही. रीमर मारताना मास्टर दर थोड्या वेळाने पिन घालून बघत होते, घालायचे, हाताने फिरवायचे, कानाजवळ नेऊन हलवायचे, पुसायचे, परत. मी स्टुलावर बसून तासभर हेच बघत होते आणि मला अजिबात कंटाळा आला नाही. शेवटी पिन स्वतःच्या वजनाने हळू आत उतरली आणि बाजूला हलवली तर जराही हलेना.

पण माझ्या मते खरं डोकं चालवलंय ते टेकूत. पिना काढल्यावर झाकण खाली पडू नये म्हणून गाडीकडच्या अर्ध्या बिजागरीला त्यांनी स्टेनलेसची छोटी वाकवलेली पट्टी लावलीय, खोबणीसारखी, बोल्टच्याच खाली अडकवलेली, नवीन भोक नाही. दोन्ही पिना निघाल्या तरी झाकण त्या खोबणीत बसून राहतं, मग मी आरामात मागे येते, दोन्ही हातांनी धरते आणि वर उचलून घेते. मी एकटीने करणार आहे हे मी बोलताना एकदाच म्हटलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं.

मूळ स्प्रिंग मात्र काढावी लागली कारण ताणलेल्या स्प्रिंगवर पिन ओढली तर झाकण उसळतं. त्याऐवजी हाताने लावायचा दांडा दिलाय. मला स्प्रिंगची सवय होती त्यामुळे हे थोडं लागलं, आता झाकण उघडताना एक हात दांड्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. यावर उपाय आहे पण त्यासाठी बॉडीला भोक पाडावं लागेल, म्हणून नको.

बसवायला बाबा पण आले होते. फटीत जाड पुठ्ठ्याचे तुकडे घालून, एक एक बोल्ट पाव-पाव आटा आवळत तीन तास गेले. फट होती तशी आली की बाबांनी स्वतः प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, बोल्टवरून पत्र्यावर, म्हणजे कधी सरकला तर लगेच दिसेल. आजपर्यंत सगळ्या रेघा जुळलेल्या आहेत.

आता जे चुकलं ते. आठ दिवस सांगितले होते, सतरा लागले, आणि मधे मी दोनदा माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून जाऊन हात हलवत परत आले, एक फोन केला असता तरी चाललं असतं. दुसरं, काम झाल्यावर पहिल्याच रात्री नंबर प्लेटचा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा झाकणावर असतो आणि त्याची अर्थिंग झाकणाच्या पत्र्यातून बिजागरीमार्गे बॉडीला मिळते, आता मधे ग्रीस भरलेला बुश आल्यावर ती कधी मिळायची कधी नाही. वायरला सुटा होणारा कनेक्टर लावला होता पण एकच तार, अर्थ नाहीच. परत गेले, मास्टरांनी काही वाद न घालता दोन पिनांचा कनेक्टर लावून अर्थची वेगळी तार काढून दिली, पैसे घेतले नाहीत. तिसरं, पिनेच्या डोक्यावरची कडी 2500 आरपीएमच्या आसपास किणकिणायची, तिच्यावर मीच हीट श्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवली, आवाज बंद.

आणि एक गोष्ट जो कुणी असं काम करून घेईल त्याने नक्की बघा. पिन हरवू नये म्हणून तिला बारीक तार बांधून देतात. ती तार लांब ठेवली तर लटकून पट्ट्यापर्यंत किंवा पंख्याच्या तोंडापर्यंत जाऊ शकते, आणि तो पंखा समोर येईल ते ओढून घेतो, चिंधीसुद्धा. आधी तार हातभर होती, मी कापून 6 सेंटीमीटर करून घेतली.

पावसाळ्यात झाकणाच्या जाळीतून पाणी येतंच, तरी पिना 304 स्टेनलेसच्या असल्यामुळे त्यांना काही झालं नाही. बुश आणि जुन्या लोखंडी पत्र्याच्या सांध्यात ऑगस्टमध्ये तांबूस रेघ दिसली होती, पुसून पांढरं ग्रीस भरलं, परत आली नाही. दर दोन महिन्यांनी एकदा पुसून ग्रीस, एवढंच करते.

सगळे मिळून 7,400 रुपये झाले, त्यात पिनांचेच 1,900. महाग वाटेल, पण रंग उडालेला तो कोपरा मॅच करून घ्यायला मला याहून जास्त लागले होते. आधी झाकण काढायला वीस-पंचवीस मिनिटं आणि लावायला दीड तास, तेही दोघांना. आता गोधडी टपावर टाकायची, दांडा लावायचा, कनेक्टर सोडायचा, दोन पिना, दोन मिनिटांत झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं आणि लावल्यावर फट डावीकडे 4, उजवीकडे साडेचार.

गाळा शुक्रवारी बंद असतो, आणि जेवणाची वेळ एक ते दोन, तेव्हा जाऊ नका. गाडी घेऊन जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत पोचा, नंतर त्या गल्लीत टेम्पो लागतात आणि वळायला जागा राहत नाही.