कॅमेरे की अग्निशमन केंद्रं? पुण्याच्या बजेटमधला पेच

कॅमेरे वापरणारे पोलीस राज्याच्या गृह खात्याचे, अग्निशमन दल मात्र महापालिकेचं. ‘सुरक्षेसाठी तरतूद’ म्हणताना हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

कॅमेऱ्यांची बाजू लंगडी नाही. २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट, २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट. त्यानंतर शहरात सीसीटीव्हीचं जाळं पसरलं, तपासाला ते उपयोगी पडतं. पण खरा खर्च बसवल्यानंतर सुरू होतो: वीज, केबल, देखभाल. फांदीआड गेलेला किंवा खोदाईत केबल तुटलेला कॅमेरा खांबावर नुसता शोभेला. (आणि पुण्यात खोदाई थांबते कधी?)

अग्निशमन केंद्राचं गणित वेगळं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली. तिथे टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्यात. दूरच्या केंद्रातून निघालेला बंब ट्रॅफिकमध्ये अडकणारच. केंद्र म्हणजे जागा, शिडीची गाडी, चोवीस तास जवान आणि पगाराचा कायमचा बोजा. उद्घाटनाच्या फोटोत भरतीची फाईल दिसत नाही, म्हणून ती मागे पडते.

माझं मत: आधी केंद्रं आणि भरती. कॅमेऱ्यांना यंदा फक्त देखभालीचे पैसे द्यावेत. नवे खांब पुढच्या वर्षी.