यूएसबी मायक्रोस्कोप: १००० एक्स विसरा, पण मेफ्लायसाठी चालतो

५ पैकी ३ स्टार. डब्यावर मोठ्ठं १००० एक्स छापलंय ते वाचूच नका, त्याच्या जवळपासही जात नाही. पण मला ताम्हिणीकडच्या ओढ्यात दगडांखाली चिकटलेली मेफ्लाय या नाजूक उडत्या कीटकाची पिल्लं, म्हणजे निम्फ, बघायची होती आणि त्याला एवढं झूम लागतच नाही. मेफ्लाय का तसाच दिसणारा दुसरा कीटक स्टोनफ्लाय, हा पहिला घोळ असतो, त्यात शेपट्या मोजत बसू नका, मेफ्लायला बहुतेक तीन असतात पण काहींना दोनच आणि पकडताना तुटतात ते वेगळंच. पायाचं टोक बघायचं, नखी एक असेल तर मेफ्लाय, दोन असतील तर स्टोनफ्लाय. ती नखी यात मस्त दिसते. पोटाच्या बाजूचे कल्ले लपलप हलताना दिसले तेव्हा तर लेक स्क्रीनसमोरून उठेचना.

आता वय कसं ठरवायचं? आपल्याकडे पाणी उबदार, त्यामुळे वर्षाला एकच पिढी असं नसतं, एकाच दगडाखाली तांदळाच्या कणीएवढं पण आणि बोटाच्या पेराएवढं पण सापडतं, आणि कात किती वेळा टाकणार तेही ठरलेलं नाही, म्हणून नुसत्या लांबीवर जाल तर फसाल. मी पाठीवरचे पंखांचे कोंब बघतो, ते काळे पडले की समजायचं आता बाहेर पडायची वेळ झाली.

गंडतो कुठे तर पुढच्या स्टेजला. पंख फुटल्यावर परत एकदा कात टाकणारा कीटक आज हा एकच, आधी धुरकट पंखांचा सबइमॅगो आणि मग काचेसारख्या पंखांचा इमॅगो, ज्याला खायला धड तोंडही नसतं. सबइमॅगोच्या पंखाच्या कडेला बारीक केसांची झालर असते, ती बघायला गेलो तर एलईडीची नुसती चकाकी. झूम वाढवला की फोकस गेला, आणि स्टँड असला दळभद्री की कोणी चहाचा कप ठेवला तरी चित्र नाचतं. शेवटी एलईडीवर ट्रेसिंग पेपर चिकटवला, खालून टॉर्च मारला, तेव्हा कुठे झालर दिसली.

ओढ्यावर न्यायच्या भानगडीत पडू नका, उन्हात मोबाईलचा स्क्रीनच दिसत नाही, तिथे सोनाराकडे असतं ते १० एक्सचं भिंग बरं.