पहिलाच यो-यो महागडा घेऊ नका : प्लास्टिक, अॅल्युमिनियम आणि बायमेटल काही महिने वापरल्यावर

शिकाऊ हातांत रोज फिरलेल्या तीन यो-योंबद्दल हा अनुभव आहे. पहिला योयोफॅक्टरीचा ‘वन’, प्लास्टिकचा. दुसरा मध्यम किमतीचा, एकसंध अॅल्युमिनियमचा. तिसरा बायमेटल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या अंगाला स्टीलची कडी बसवलेला. निकाल आधीच सांगून टाकतो: अगदी नवशिक्यासाठी पहिलाच सगळ्यात उपयोगी ठरला आणि तिसरा सगळ्यात निरुपयोगी. बायमेटल उत्तम वस्तू आहे, यात शंका नाही. पण तिचे गुण ज्या फेकीवर उभे आहेत, ती फेकच सुरुवातीला हातात नसते.

किमतींचा अंदाज डॉलरमध्ये दिलेला बरा, कारण चांगला माल बहुतेक बाहेरूनच येतो. सुरुवातीचे प्लास्टिकचे यो-यो साधारण 10 ते 20 डॉलर, बरे अॅल्युमिनियमचे 30 ते 60, बायमेटल 80 पासून दीडशेपर्यंत, आणि टायटॅनियम त्याच्याही वर. परदेशातून मागवलं तर कुरियर आणि सीमाशुल्क वेगळं.

महागडा यो-यो घेणाऱ्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: ‘खाली जातो, फिरत राहतो, पण परत येतच नाही, माल खराब आहे.’ माल खराब नसतो. महागडे जवळजवळ सगळे यो-यो अनरिस्पॉन्सिव्ह, म्हणजे नुसत्या झटक्याने परत न येणारे, असतात. दोन अर्ध्यांमधली खाच रुंद, साधारण चार ते पाच मिलिमीटर, आणि बेअरिंग अगदी मोकळं. त्यामुळे नुसता झटका दिला तर दोरी कुठेच अडकत नाही. तो वर आणायला बाइंड करावा लागतो: फिरत्या यो-योजवळ मोकळ्या हाताने दोरीची घडी करून ती खाचेत सरकवायची. दुपदरी दोरी दोन्ही बाजूंच्या सिलिकॉनच्या पॅडना घासते, पकडली जाते आणि यो-यो वर चढतो. हे जमायला यो-यो तेवढा वेळ सरळ आणि जोरात फिरत राहायला हवा. नवशिक्याचा स्लीपर, म्हणजे यो-यो खाली जाऊन दोरीच्या टोकाला फिरत राहतो ती फेक, मात्र बऱ्याचदा दहा-पंधरा सेकंदांत कलंडतो. मग प्रत्येक फेकीनंतर दोरी हाताने गुंडाळत बसावं लागतं. शंभर वेळा फेकायला हवं तिथे वीस वेळा फेकून होतं, आणि सराव तिथेच बुडतो. मुलं तर चार दिवसांत कंटाळतात.

‘वन’मध्ये नेमकी हीच अडचण सोडवलेली आहे. त्यात अरुंद बेअरिंग असतं, त्यामुळे खाच लहान राहते आणि झटका दिला की दोरी पॅडला घासून यो-यो हातात येतो. पुढे बाइंड शिकायचा झाला की दोन्ही अर्धे उघडून नेहमीच्या रुंदीचं सी साइझचं बेअरिंग बसवायचं. तेवढ्याने खाच रुंद होते आणि तोच यो-यो अनरिस्पॉन्सिव्ह होतो. रुंद बेअरिंग डब्यात आहे की वेगळं घ्यावं लागेल, हे विक्रेत्याला आधी विचारा. दुसऱ्या कंपन्यांचेही दोन बेअरिंगवाले प्लास्टिकचे यो-यो मिळतात. नावापेक्षा ही सोय महत्त्वाची.

आता फेकीबद्दल, कारण पैसे वाया जातात ते इथे. बायमेटलमध्ये वजन कडेला ढकललेलं असतं. कडेचं वजन जास्त म्हणजे एकदा वेग घेतला की तो टिकतो, आणि एकामागून एक कसरतींचे लांब कॉम्बो करताना यो-यो डळमळत नाही. पण तो वेग द्यायला मनगटाचा सणसणीत झटका लागतो. ढिल्या फेकीला कडेच्या वजनाचा काहीच फायदा होत नाही. शिवाय फेक तिरकी गेली की यो-यो कलतो, दोरी एका बाजूच्या भिंतीला घासू लागते आणि वेग खाऊन टाकते. सात पट किमतीच्या यो-योतही घर्षण तेच राहतं. शिकाऊ हातात ‘वन’ आणि बायमेटल यांच्या फिरण्याच्या वेळेत फारसा फरक दिसला नाही. सरळ फेकणाऱ्या हातात हाच फरक मोठा असतो.

फेक सुधारायची रीत: तळहात वर, यो-यो मधल्या बोटाच्या रेषेत, दोरी त्याच्या वरच्या कडेवरून बाहेर पडणारी. दंड दाखवल्यासारखा हात वर घ्या, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि कोपरातून खाली आणताना शेवटी मनगट सोडा. फेकल्यावर दोरीकडे पाहा. यो-यो डावीकडे झुकत असेल तर सुटताना मनगट वळतंय. फळीसारखा सरळ, तीसेक सेकंदांचा स्लीपर दहापैकी आठ वेळा पडेपर्यंत ट्रॅपीझच्या, म्हणजे फिरता यो-यो बाजूने वळवून दोरीवर बसवण्याच्या कसरतीच्या, मागे लागू नका.

दोरीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि निम्म्या तक्रारी दोरीच्याच असतात. नवीन दोरी उंच माणसाच्या हिशोबाने येते. यो-यो पायाजवळ जमिनीवर ठेवा, दोरी उभी ताणा, बेंबीच्या वर सात-आठ सेंटिमीटरवर कापा आणि फास करा. फास मधल्या बोटाच्या पहिल्या दोन सांध्यांच्या मधोमध. दहा वर्षांच्या मुलाने न कापलेली दोरी वापरली तर यो-यो प्रत्येक वेळी फरशीवर आपटणार.

दुसरी गोष्ट पिळाची. दोरी आसाला बांधलेली नसते, पिळाच्या दोन पदरांमध्ये आस अडकवलेला असतो. 1928 मध्ये कॅलिफोर्नियात पेड्रो फ्लोरेस यांनी बनवायला घेतलेले यो-यो याच पद्धतीचे, आणि म्हणूनच ते खाली जाऊन फिरत राहायचे. जत्रेत मिळणाऱ्या दिव्याच्या यो-योत दोरी आसाला गाठ मारून बसवलेली असेल तर तो खाली थांबणारच नाही, कितीही सराव करा. फेकता फेकता पीळ वाढतो किंवा सुटतो. पीळ वाढला की दोरी आखडते, फासासारख्या गाठी पडतात, यो-यो वेळेआधीच वर येतो. पीळ सुटला की रिस्पॉन्सिव्ह यो-योही परत येईनासा होतो. दर पंधरा-वीस फेकींनी फास बोटातून काढा, यो-यो खाली लोंबकळू द्या, दोरी आपोआप गिरक्या घेऊन सरळ होते. पॉलिस्टरची दोरी रोजच्या तासाभराच्या खेळात काही दिवसच टिकते. आसाजवळ दोरी करडी आणि केसाळ दिसली की बदला, कारण तुटते ती तिथेच, आणि दोरी तुटली की यो-यो सुटून जातो.

आता पडझडीबद्दल. आपल्याकडे घरांत फरशी असते, गालिचा नसतो. प्लास्टिक पडलं की ओरखडा येतो, खेळ थांबत नाही. अॅल्युमिनियमला खळगा पडतो आणि त्याच्या कडेला बारीक धार उभी राहते. ती बोटाला कापते आणि दोरीही कुरतडते. 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त त्या जागी हलक्या हाताने फिरवला की धार जाते, रंग मात्र कायमचा जातो. ‘वॉक द डॉग’, म्हणजे फिरता यो-यो जमिनीवर पळवण्याची कसरत, धातूच्या यो-योने करू नका. बायमेटलची कडी जोरात आपटली तर यो-यो थरथरायला लागतो, आणि ती थरथर घरी दुरुस्त होत नाही. पासष्ट ग्रॅमचा धातू मुलाच्या दाताला किंवा टीव्हीच्या काचेला लागला तर काय होतं, हेही पहिल्या खरेदीआधी लक्षात घ्या.

उघडताना-बंद करतानाही नुकसान होतं. धातूच्या यो-योत आस चार मिलिमीटरचा स्क्रू असतो. तो तिरका पकडून जोराने फिरवला तर अॅल्युमिनियममधले आटे जातात आणि अर्धा यो-यो निकामी होतो. प्लास्टिकमध्ये जास्त आवळलं तर आत बसवलेलं नट सैल होऊन जागच्या जागी फिरतं. बोटांच्या जोराने घट्ट झाला की पुरे, पक्कड लावू नका.

बेअरिंग आवाज करायला लागलं की आधी धूळ समजा. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीवर, स्टीलच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. यो-यो डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. साफ करताना टाचणीने कडेची बारीक रिंग काढून झाकण सोडवा, बेअरिंग अॅसिटोनमध्ये पाच मिनिटं हलवा, कोरडं करा, फुंकर मारून फिरवा. अॅसिटोनचा थेंबही प्लास्टिकच्या अंगाला लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं. अनरिस्पॉन्सिव्ह यो-योसाठी पातळ तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. जास्त झालं तर बेअरिंग जड होतं आणि यो-यो भलत्या वेळी वर उसळून बोटांवर आदळतो. रिस्पॉन्सिव्हला थोडं घट्ट वंगण चालतं.

धातूचा यो-यो केव्हा घ्यावा? स्लीपर सरळ पडतो, ट्रॅपीझ आणि स्प्लिट बॉटम माउंट (यो-यो दोरीवर बसवण्याची आणखी एक कसरत) न पाहता बसतात, आणि रुंद बेअरिंग टाकलेल्या प्लास्टिकवर बाइंड दहापैकी नऊ वेळा लागतो, तेव्हा. तेव्हाही आधी एकसंध अॅल्युमिनियमचा. योयोफॅक्टरीचा ‘शटर’ हा जेन्ट्री स्टाइन यांच्या नावाचा यो-यो यासाठी चांगला आहे. स्टाइन 2014 आणि 2019 मध्ये 1ए गटाचे (एकाच यो-योने दोरीवरच्या कसरती करण्याचा गट) जागतिक विजेते होते, आणि त्यांच्याच नावाचा ‘रिप्ले प्रो’ पूर्ण प्लास्टिकचा आहे. विजेत्याच्या नावासाठी धातूच हवा असं नाही.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. हात लूपिंगकडे वळला, म्हणजे यो-यो पुढे फेकून गिरक्यांत परत आणण्याची मजा वाटू लागली, तर फुलपाखराच्या आकाराचा रुंद धातूचा यो-यो त्या कामाचाच नाही. त्याला गोलसर, अरुंद खाचेचा ‘लूप 720’ किंवा योमेगाचा ‘रेडर’ यांसारखा हवा. आपली आवड कोणत्या बाजूला जाते हे पहिल्या काही महिन्यांतच कळतं, म्हणून त्याआधी मोठी रक्कम एका प्रकारात अडकवू नये.

पहिल्या खरेदीची यादी अशी: दोन बेअरिंगची सोय असलेला एक प्लास्टिकचा यो-यो, पॉलिस्टरच्या किमान वीस दोऱ्या, एकोणीस मिलिमीटरच्या पॅडची एक जोडी. पॅड घेण्याआधी आपल्या यो-योत ते बसतं ती खोबण तेवढीच आहे ना, ते पट्टीने मोजा.

पुढे जुना धातूचा घेणार असाल तर फिरत्या यो-योच्या कडेला नख हलकेच टेकवून पाहा, थरथर जाणवली तर भाव पाडून मागा. आस काढून आटे उजेडात तपासा. चकचकीत चुरा दिसला तर तो घेऊ नका.