परदेशप्रवासासाठी ऑफलाइन नकाशे: चार ॲपची पारख

विमानतळाबाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात फोनकडून आपल्याला तसे थोडेच हवे असते: आपण कुठे आहोत, मुक्काम कुठे आहे आणि तिथे कसे पोहोचायचे. एरवी हे तिन्ही प्रश्न इतक्या सहज सुटतात की, ते सोडवताना फोन क्षणोक्षणी दूरच्या सर्व्हरकडे विचारणा करत असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. परक्या देशात उतरल्यावर ही विचारणा बंद पडते आणि मग कोणते ॲप खरोखर आपल्या फोनमध्ये आहे आणि कोणाचा केवळ मुखवटा फोनमध्ये आहे, हे उघडे पडते. म्हणून या परीक्षणासाठी मी कसोटी एकच ठेवली: फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वाय-फायही बंद केले, तर ॲप काय करू शकते? गूगल मॅप्स, ऑरगॅनिक मॅप्स, ऑस्मअँड आणि हिअर वीगो ही चार ॲप मी दोन परदेशप्रवासांत आणि त्यांच्या तयारीत वापरली. निकाल आधीच सांगून टाकतो. पायी फिरणाऱ्याने ऑरगॅनिक मॅप्स मुख्य ठेवावे, गूगल मॅप्स जोडीला असावे, डोंगरात जाणाऱ्याने ऑस्मअँड शिकून घ्यावे आणि भाड्याची गाडी चालवणाऱ्याने हिअर वीगोचा विचार करावा.

ॲपकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मला चांगल्या जाणत्या माणसांकडूनही ऐकायला मिळाला आहे. इंटरनेट नसले की जीपीएस चालत नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड संदेश प्रसारित करत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की त्याला आपले स्थान काढता येते, त्यासाठी सिम लागत नाही की डेटा. गैरसमजाला थोडा आधार मात्र आहे. उपग्रहांचा संदेश सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथ गतीने येतो, त्यामुळे कोणता उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती प्रत्येक उपग्रहाकडून ऐकून घ्यायला साधारण अर्धा मिनिट लागते आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे. एरवी हीच माहिती फोन मोबाइल नेटवर्कवरून चुटकीसरशी उतरवून घेतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, नेट नसलेल्या फोनला ते जमत नाही, म्हणून पहिल्यांदा निळा ठिपका उमटायला काही मिनिटे लागू शकतात. अशा वेळी छपराखालून बाहेर यावे, मोकळ्या आकाशाखाली उभे राहावे आणि ॲप सुरूच ठेवावे. ते बिघडले असे समजून पुन्हा पुन्हा बंद करणे म्हणजे अर्धवट ऐकलेला संदेश टाकून देणे होय. उंच इमारतींच्या गल्लीत ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, तोही ॲपचा दोष नसतो. भिंतींवर आपटून येणारा लहरींचा प्रतिध्वनी फोनला फसवतो. २०१८ साली शाओमीच्या मी ८ या फोनपासून दोन वेगवेगळ्या वारंवारिता ऐकणारे फोन बाजारात आले आणि ते या बाबतीत बरेच सावरलेले असतात. नवा फोन घ्यायचाच असेल, तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी मी हे पाहीन.

आता गूगल मॅप्स. दुकाने, संग्रहालये, त्यांच्या वेळा आणि लोकांचे अभिप्राय यांबाबत त्याची बरोबरी उरलेली तिन्ही ॲप मिळूनही करत नाहीत, आणि घरी बसून प्रवासाची आखणी करताना मी तेच उघडतो. ऑफलाइन वापरासाठी नकाशावर चौकट आखून तेवढा भाग उतरवून घेता येतो. अडचण अशी की, या उतरवलेल्या भागात मार्ग मिळतो तो केवळ गाडीचा. पायी जाण्याचा, सायकलचा आणि सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग इंटरनेटशिवाय मिळत नाही. म्हणजे प्रवासी ज्या तीन प्रकारांनी सर्वांत जास्त फिरतो, नेमके तेच तीन प्रकार गळतात. गाडीचा मार्ग पाहून पायी चालता येते, पण एकेरी रस्त्यांचे नियम पाळत चालणारा पादचारी म्हणजे निष्कारण वळसे घेणारा पादचारी. शिवाय या चौकटींना मुदत असते. ती संपत आली की वाय-फाय मिळाल्यावर ॲप स्वतःहून नकाशा ताजा करू पाहते, तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हाताने एकदा अद्ययावत करून घेणे बरे. काही प्रदेशांचे नकाशे करारांमुळे किंवा पत्त्यांच्या पद्धतीमुळे उतरवताच येत नाहीत, हेही आधी तपासावे.

देश कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. दक्षिण कोरियाने तपशीलवार नकाशांची माहिती देशाबाहेर नेण्यावर दीर्घकाळ निर्बंध ठेवले आणि २०१६ साली गूगलची विनंती नाकारली. तिथले लोक नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप वापरतात आणि पाहुण्यानेही तेच करावे. चीनमध्ये गूगलच्या सेवा बंद आहेतच, शिवाय तिथल्या अधिकृत नकाशांना जीसीजे-०२ नावाची मुद्दाम सरकवलेली निर्देशांक-पद्धत (अक्षांश-रेखांश मोजण्याची पद्धत) सक्तीची आहे. त्यामुळे जीपीएसने सांगितलेले खरे स्थान अशा नकाशावर जसेच्या तसे ठेवले, तर ते काहीशे मीटर बाजूला पडू शकते. रस्ता डोळ्यांसमोर आहे आणि ठिपका नदीत, अशी ही गंमत आहे.

ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावर उभे आहे. तो प्रकल्प २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि जगभरचे स्वयंसेवक त्यात रस्ते, पायवाटा, पाणपोया, बाकडी, शौचालये असे बारीकसारीक तपशील भरत असतात. व्यापारी नकाशाला पाणपोईत रस नसतो. चालणाऱ्याला असतो, आणि या ॲपचा मोठा गुण तोच आहे. मॅप्स.मी या जुन्या ॲपची मालकी बदलल्यानंतर त्याच्या मूळ कर्त्यांपैकी काहींनी त्याच्याच खुल्या संहितेतून (कुणालाही वापरता येणाऱ्या प्रोग्रॅममधून) हे ॲप उभे केले. जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही, आपला माग ठेवला जात नाही. नकाशे देश किंवा प्रांत यांप्रमाणे उतरवले जातात आणि त्यानंतर शोध, पायी मार्ग, सायकलचा मार्ग, गाडीचा मार्ग हे सारे फोनमध्येच घडते. एअरप्लेन मोडमध्ये माझ्या फोनवर एखाद्या शहरातला पायी मार्ग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच समोर येत असे, आणि पार्श्वभूमीवर सतत काही चाललेले नसल्याने दिवसभर वापरूनही बॅटरी सायंकाळपर्यंत तग धरून राही.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. रहदारीची ताजी स्थिती कळत नाही, बसचे वेळापत्रक नाही, उपग्रहचित्रे नाहीत आणि दुकानांच्या वेळा एखाद्या स्वयंसेवकाने भरल्या असतील तरच दिसतात. घरक्रमांकांची नोंद काही देशांत काटेकोर आहे, तर काहींत जवळपास नाहीच. यावर उपाय असा की, पत्ता शोधण्याच्या भरीस पडूच नये. मुक्काम, स्थानक, दूतावास, जवळचे रुग्णालय या जागांच्या खुणा घरीच, निर्देशांकांवरून करून ठेवाव्यात. गूगलच्या माय मॅप्समध्ये त्या आखून केएमएल (नकाशावरच्या खुणा साठवणारी) फाइल काढता येते आणि ती ऑरगॅनिक मॅप्स व ऑस्मअँड दोन्हींत उघडते. प्लस कोड हाही चांगला पर्याय आहे; स्थानाच्या निर्देशांकांचा तो संक्षेप असल्यामुळे पूर्ण कोड उलगडायला इंटरनेट लागत नाही. मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत लिहिलेल्या पानाचे छायाचित्र मात्र वेगळे ठेवावे, कारण टॅक्सीचालकाला आपल्या फोनवरचे रोमन अक्षर वाचता येईलच असे नाही.

ऑस्मअँडही त्याच मुक्त नकाशावर चालते, पण त्याचा स्वभाव अगदी वेगळा आहे. समोच्चरेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा), उतारांची छटा, नोंदवलेल्या वाटांचे जीपीएक्स फाइलमधले माग, ऑफलाइन सार्वजनिक वाहतूक, प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी वेगळी मांडणी असे सगळे त्यात आहे, आणि दुर्दैवाने ते सगळे एकाच मेनूत शिरले आहे. पहिल्या दिवशी माणूस रस्ता शोधण्याऐवजी सेटिंग शोधतो. अँड्रॉइडवरच्या विनामूल्य आवृत्तीत सातच नकाशे उतरवता येतात. एका-दोन देशांच्या प्रवासाला तेवढे पुरतात, अधिक लागल्यास पैसे मोजावे. डोंगरात चढाचा अंदाज देणारा आलेख पाहून मी दोनदा बेत बदलला आणि दोन्ही वेळा ते योग्य ठरले, म्हणून त्याच्या मेनूंविषयीची माझी तक्रार मी पुरती माफ केली आहे.

हिअर वीगोविषयी थोडक्यात. नॅव्हटेक ही नकाशा-कंपनी, मग नोकिया आणि २०१५ साली आऊडी, बीएमडब्ल्यू व डाइम्लर या मोटार कंपन्यांचा गट असा त्याच्या नकाशांचा वंश आहे, आणि तो त्याच्या वागण्यात दिसतो: गाडी चालवताना सूचना स्पष्ट, वेगमर्यादा समोर, देशभराचा नकाशा फोनमध्ये. पायवाटांच्या बाबतीत ते मुक्त नकाशाच्या जवळपासही येत नाही.

या चारही ॲपबाबत एक बारकावा कुणी सांगत नाही. वळणाच्या सूचना बोलून दाखवणारा आवाज पुष्कळदा ॲपचा नसतो, तो फोनच्या वाचन-यंत्रणेचा असतो आणि त्याची फाइल वेगळी उतरवावी लागते. ती नसेल तर नेट गेल्यावर ॲप एकाएकी मुके होते, तेही नेमके गाडी चालवताना. गूगल ट्रान्सलेटचेही तसेच. भाषेची फाइल आधी उतरवली तरच पाटीवर कॅमेरा धरून अर्थ कळतो.

नकाशे फोनमध्ये असले तरी डेटा लागतोच, निदान बसची वेळ पाहायला, आणि आता त्यासाठी ई-सिम, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवायचे सिम, सर्वांत सोयीचे आहे. मात्र त्याची स्थापना घरच्या वाय-फायवरच उरकावी, कारण ई-सिम उतरवायलाच इंटरनेट लागते. फोन एखाद्या सेवादात्याला जखडलेला नाही ना, हे पाहावे. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, म्हणून बसवलेले ई-सिम चुकूनही पुसू नये. प्रवाशांसाठीचे बरेच ई-सिम तिसऱ्याच देशातल्या कंपनीच्या रोमिंगवर चालतात, त्यामुळे त्या ई-सिमपुरते डेटा रोमिंग सुरू करावे लागते. मूळ सिमवर ते बंद ठेवावे, पण सिम चालू असू द्यावे, नाहीतर बँकेचा ओटीपी कुठे येणार? मी एका विक्रेत्याकडून घेतलेल्या ई-सिमची मुदत परदेशी नेटवर्क पकडल्यावर सुरू होईल असे गृहीत धरले होते. ती बसवल्याक्षणीच सुरू झाली आणि सात दिवसांपैकी तीन दिवस घरीच संपले. अटींत ते लिहिलेले होते, अर्थात अगदी तळाला. तेव्हापासून मी ‘मुदत केव्हापासून’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारतो.

उपकरणांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. पॉवर बँक केबिनच्या सामानातच न्यावी लागते आणि विमान कंपनीच्या संमतीशिवाय साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतचीच चालते. २०,००० एमएएच क्षमतेला ३.७ व्होल्टने गुणले तर ७४ वॉट-तास होतात, म्हणजे ती निर्धोक बसते. क्षमतेचा छापील आकडा पुसट झालेली पॉवर बँक तपासणीत अडकू शकते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील विमानाला लागलेल्या आगीनंतर अनेक विमान कंपन्यांनी उड्डाणात पॉवर बँक वापरण्यावर बंदी घातली आहे, तेव्हा उतरताना फोन भरलेला हवा असेल तर तो चढण्यापूर्वीच भरावा. प्लगचा अडॅप्टर केवळ आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेले असले की काळजी नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी मी अर्ध्या दिवसाची रंगीत तालीम करतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, स्वतःच्याच शहराच्या अनोळखी भागात जायचे आणि केवळ उतरवलेल्या नकाशावर विसंबून परत यायचे. मुका आवाज, न उतरलेला शेजारचा प्रांत, उघडताना खाते मागणारे ॲप हे सारे या तालमीतच सापडते. दुसऱ्या प्रवासात मुक्कामामागच्या टेकडीवर नकाशात नसलेल्या जुन्या पायऱ्या होत्या, ज्यांमुळे स्थानकाची वाट निम्म्याने कमी होत असे. जाण्यापूर्वी मी त्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरल्या. काही आठवड्यांनी ऑरगॅनिक मॅप्सचा तो प्रांत अद्ययावत केला, तेव्हा स्थानकाचा पायी मार्ग त्या पायऱ्यांवरूनच आखून आला.